आंघोळीचा प्रवेश

३ जुलै, सोमवार

कपडे काढायचे आहेत. सगळे. आमच्या दिग्दर्शिकेने, रोवीनाने, आज तालमीत तसंच सांगितलं – हातात चहाचा कप धरून, रांग जरा डावीकडे सरकवा म्हणावं इतक्या सहज.

दुसऱ्या अंकातला आंघोळीचा प्रवेश. शनिवारची कातरणी संपते, लोकर कातरणारे सहाजण टाकीखाली अंग धुतात, आणि माझं गाणं. ‘लोकरीचा हंगाम’ हे नाटक न पाहिलेला माणूस आमच्या भागात सापडायचा नाही. शाळेत बसवतात, चर्चच्या हॉलमध्ये बसवतात, लग्नात लोक त्यातली गाणी म्हणतात. आणि दर वेळी या प्रवेशात माणसं गळ्यापासून घोट्यापर्यंत फ्लॅनेलचे लांब कपडे घालून आंघोळ करतात. लोक त्यालाच हसतात. रोवीनाचं म्हणणं, इतकी वर्षं आपण न भिजणाऱ्या माणसांचं नाटक करतोय, या वेळी आंघोळ खरी होऊ दे.

सहाजणांतल्या नेविलने विचारलं, टाकीत पाणी गरम असणार का? कारण ऑगस्टच्या हिवाळ्यात गार पाणी असेल तर बघण्यासारखं फारसं काही उरणार नाही. नेविल प्लंबर आहे, त्यामुळे त्याने विचारणं रास्तच. सगळे हसले. मी नाही हसलो.

रोवीना म्हणाली, ज्याला नको असेल त्याने सांगावं, ती रागावणार नाही. दिवे मागून येतील, बरंचसं सावलीत राहील. माझ्याकडे बघून म्हणाली असं मला वाटलं. मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मलाच ठाऊक नाही.

४ जुलै, मंगळवार

बाबांना सांगितलेलं नाही.

६ जुलै, गुरुवार

तालमीच्या आधी बाबांची आंघोळ. रोजच्यासारखीच.

बाबांना झटका आल्यापासून उजवी बाजू गेली ती गेली. बोलणं थोडं परत आलं, पण शब्द तोंडात जड होतात. मी त्यांना खुर्चीवर बसवतो. न्हाणीघरातला दिवा लावायचा नाही, बोळातला उजेड येतो तेवढा पुरे. मांडीवर टॉवेल. टॉवेलच्या आतलं मी भिंतीवरच्या फरशीकडे बघत हातानेच धुतो. त्या वेळात बाबा मेंढ्यांच्या बाजाराबद्दल बोलतात, मी हो-हो म्हणतो. दोघांनाही त्या बाजाराशी आता काही देणंघेणं नाही. संपलं की ते सुस्कारा सोडतात, मीही.

याच माणसाच्या हाताखाली मी शाळा सोडून कातरणीच्या शेडमध्ये लोकर उचलायला लागलो होतो. बाबा मेंढी अशी धरायचे की ती अंगावरची लोकर उतरेपर्यंत झोपल्यासारखी पडून राहायची.

मार्चमध्ये नगरपालिकेने लोसाला पाठवलं होतं. लोसा सामोआची, बेकरीच्या मागे राहते, अशीच माणसं सांभाळायचं काम करते. बाबांनी डाव्या हाताने दार धरून ठेवलं. "बायकांनी न्हाऊ घालायला मी तान्हा आहे का?" हे एवढं वाक्य त्यांना पूर्ण करायला बराच वेळ लागला, आणि लोसा तेवढा वेळ शांतपणे पायरीवर उभी राहिली. मग म्हणाली, काका, तुम्ही बोलवाल तेव्हा येईन. जाता जाता आमच्या लिंबाच्या झाडाचं कौतुक करून गेली.

मी बाबांना म्हटलं, का असं केलंत? ते म्हणाले, "तू आहेस ना."

आहे.

११ जुलै, मंगळवार

ड्युल्सी आज कपडेपटात नुसती बसून होती. ती ऐंशी वर्षांची आहे. आमच्या मंडळात ‘लोकरीचा हंगाम’ पहिल्यांदा झालं तेव्हा नायिका तीच होती. या वेळी आमच्यासाठी तिने फ्लॅनेलचे सहा जोड शिवून ठेवले होते. काजं हाताने केलेली. माझ्या जोडाच्या कॉलरवर आतून माझं नाव – कॉर्मॅक – पूर्ण, कुणीच लिहीत नाही तसं.

मला वाटलं ती रोवीनाला नावं ठेवेल. म्हणाली, "मला नागड्या माणसांचं काही नाही रे. तीन नवरे केलेत मी. पण सांगायचं तरी ना, कापड घ्यायच्या आधी."

मी माझा जोड घडी घालून परत ठेवला. नीट बसेना म्हणून पुन्हा घातली घडी.

१६ जुलै, रविवार

रोवीनाने बदकांची हाक कापली.

शेडमध्ये पूर्वी बायका येत नसत. एखादी येताना दिसली की दारातला माणूस ओरडायचा – "तळ्यात बदकं!" की शिव्या बंद, सदरे अंगात. बाबा सांगतात, त्या हाकेला माणूस झोपेतसुद्धा बटणं लावायचा. नाटकात नायिका येते तेव्हा म्हातारा आचारी हीच हाक देतो, सहाजण आपापल्या टोप्या धरून पळतात, आणि मध्यंतर. सगळा हॉल आचाऱ्याच्या बरोबरीने ओरडतो. तेच कापलं!

आता नायिका प्रेक्षकांतून चालत येणार, रंगमंचाच्या कडेला थांबणार. कुणी ओरडणार नाही, कुणी पळणार नाही. ती बघेल, आम्ही बघू, मी गाणं पुरं करीन. रोवीना म्हणाली, तिला स्वतःला बघायचंय की न लाजता उभी राहिलेली माणसं कशी दिसतात.

नेविल म्हणाला, "निळी दिसतात. थंडीने."

२० जुलै, गुरुवार

आज झालं.

हॉलच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली, दाराला आतून कडी. उबेला गॅसच्या दोन शेगड्या. नेविलने एका दमात सगळं काढून टाकलं आणि पोट आत ओढून उभा राहिला. बाकीच्यांचंही झालं. मी मोजे एकमेकांत घालत होतो, शर्टाची घडी चालू होती. नेविल म्हणाला, "मॅक, दुकान मांडतोयस का बाबा?"

मग माझ्याकडे काढायला काही उरलं नाही.

पहिल्या कडव्यात माझा आवाज कुठून येतोय ते मलाच कळत नव्हतं. हात कुठे ठेवायचे? एका हातात बादली होती, दुसरा उगाच मोठा वाटत होता. दुसऱ्या कडव्यात नेविलने माझ्या पाठीवर पाणी ओतलं – तसं बसवलंय, एकाने दुसऱ्याची पाठ धुवायची – आणि त्याने हात इतका साधा फिरवला, गाडी पुसावी तसा, की मला एकदम श्वास घेता आला. तिसरं कडवं मी आजवर गायलो नव्हतो तसं गायलो. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. रोवीना चष्मा पुसत राहिली.

बाहेर आलो तर विंगेत खुंटीवर सहा लांब झगे टांगलेले. ब्लँकेटच्या कापडाचे, आतून फ्लॅनेलचं अस्तर. ड्युल्सीने ते सहा जोड उसवले होते. ती तोंड भिंतीकडे करून उभी होती. म्हणाली, "घाला लवकर, न्युमोनिया परवडायचा नाही मंडळाला."

घरी येऊन बाबांना धुताना मी फरशीकडेच बघितलं. पण पाठ धुताना हात नेविलसारखा फिरवून पाहिला. बाबा मेंढ्यांचं बोलायचे थांबले.

२५ जुलै, मंगळवार

नाटक दौऱ्यावर जाणार! हॉर्शम, वॉर्नांबूल, माउंट गॅम्बिअर, पुढे आणखी गावं. सहा आठवडे, पगारासकट. मेलबर्नचा कुणी माणूस माउंट गॅम्बिअरला खास गाणी ऐकायला येणार, असं रोवीनाने मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं. माझं शिक्षण कुठवर झालं विचारलं. दहावीसुद्धा नाही म्हटल्यावर म्हणाली, गाण्याची शाळा दहावी विचारत नाही.

मी तिथेच नाही म्हटलं. तिने कारण विचारलं तर मी काम करतो त्या चाऱ्याच्या दुकानात सुट्टी मिळणार नाही असं सांगितलं. ती म्हणाली, पहिल्या प्रयोगानंतरच्या सोमवारपर्यंत विचार कर.

नेविल गाडीपर्यंत मागे आला. "दुकान नाही. तुझा म्हातारा."

मी गाडीचं दार उघडलं.

"मी घालतो त्याला आंघोळ. रोज जाईन. पाण्याशीच तर माझं काम आहे."

त्याने मनापासून म्हटलं होतं. पण बाबा नेविलला दारातसुद्धा घेणार नाहीत. मागे नेविलने आमचा गिझर बसवला तेव्हापासून त्यांचं म्हणणं, तो शिट्टी फार वाजवतो.

मला जायचंय. हे एकदा लिहून टाकतो, इथे कुणी वाचत नाही. मला फार जायचंय.

२८ जुलै, शुक्रवार

बाबा जेवताना म्हणाले, "मला ने. पहिल्या दिवशी."

घास तसाच राहिला. बाबा आजवर माझ्या एकाही नाटकाला आलेले नाहीत. तरुणपणी त्यांनी ‘हंगाम’ एकदा पाहिलं होतं, आणि अर्ध्यातून उठून आले होते. का, तर कुठल्या शेडमध्ये माणसं असले पायजमे घालून आंघोळ करतात? सगळं खोटं. आज पुन्हा तेच म्हणाले. मी म्हटलं, या वेळी पायजमे नाहीत. "मग?" मी म्हटलं, दुसरं आहे काहीतरी. आणि बटाटे वाढले.

२ ऑगस्ट, बुधवार

सांगायला तीनदा तोंड उघडलं. एकदा लाकडांचं बोललो, एकदा पावसाचं, एकदा नुसतंच मिटलं.

ड्युल्सीने हॉलच्या दारावर पाटी लावली आहे – ‘या प्रयोगात थोडी नग्नता आहे.’ ‘नग्नता’चं ‘नग्रता’ झालं होतं. मी पेनाने दुरुस्त केलं. मनात आलं, बाबा दाराशी हे वाचतील तर माझं काम होईल. पण त्यांचा चष्मा घरीच राहतो, ते मुद्दाम ठेवतात.

४ ऑगस्ट, शुक्रवार

आज संध्याकाळी पहिला प्रयोग. बाबांनी निळा सदरा मागितला. इस्त्री केली. दोनदा.

५ ऑगस्ट, शनिवार

काल जे झालं ते सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर मी ते डोक्यात बदलत बसेन.

हॉल भरला होता. बाबांची चाकाची खुर्ची मधल्या वाटेला, पुढून चौथ्या रांगेच्या कडेला. शेजारी ड्युल्सी. पहिला अंक बरा गेला. बाबा हसले की नाही ते मला वरून दिसत नव्हतं.

आंघोळीच्या प्रवेशाला आम्ही पाठमोरे उभे राहिलो आणि कपडे खाली पडले. हॉलमध्ये कुणीतरी जोरात श्वास घेतला. मागे एक बाई "अगं बाई" म्हणाली, कुणीतरी खिदळलं, एक खुर्ची करकरली. मग टाकीतून पाणी सुटलं आणि सगळं शांत झालं. मी वळलो. गायला लागलो. पहिलं कडवं, दुसरं. नेविलने पाठ धुतली. तिसऱ्याला मधल्या वाटेने नायिका यायला लागली.

ती बाबांच्या खुर्चीजवळून पुढे गेली, आणि अंधारातून हाक आली.

"तळ्यात बदकं!"

एकही शब्द न अडखळता. झटका आल्यापासून मी बाबांचा असा आवाज ऐकला नव्हता. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. ती नाटकातली हाक नव्हती. बाबा मला सांगत होते – पोरा, बाई येतेय, काहीतरी घाल.

हॉल हसला. सगळा. नंतर त्यांना कळलं की रंगमंचावर कुणीच हललेलं नाही, आणि हसू थांबलं. नायिका जागच्या जागी थबकली होती. नेविल माझ्याकडे बघत होता. विंगेत माझा झगा टांगलेला मला दिसत होता, दोन पावलांवर.

माझे पाय निघाले होते. खरंच निघाले होते. बाबांनी हाक मारली की मी लहानपणापासून पळत आलोय.

मी थांबलो. बादली खाली ठेवली. मग हातात काहीच नव्हतं. जिथून हाक आली होती तिकडे बघितलं आणि तिसरं कडवं गायलो, हळू, घरात गावं तितकं. घरी मी कधी गात नाही. बाबांनी पुन्हा हाक दिली नाही.

पडदा पडल्यावर टाळ्या कधी सुरू झाल्या मला कळलं नाही. ड्युल्सीने नंतर सांगितलं, "तुझ्या बापाने माझा हात असा धरला होता की बांगडी वाकली. सोडलाच नाही शेवटपर्यंत."

बाहेर लोक बाबांच्या पाठीवर थाप मारत होते, म्हातारे कातरणारे तर विशेष. ती हाक नाटकातलीच होती असं त्यांना वाटलं. रोवीना आली, बाबांसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, तुमचा मुलगा दौऱ्यावर येत नाही याचं फार वाईट वाटतं. दुकानाचं तरी काही करता आलं असतं.

मी तिला डोळ्यांनी गप्प बस म्हटलं. उशीर झाला होता.

"कुठला दौरा?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, असंच, आणि खुर्ची ढकलली.

गाडीत, पूल ओलांडल्यावर बाबा म्हणाले, "ओरडलो मी. ऐकलं नाहीस?"

"ऐकलं, बाबा."

"मग?"

"तिथे पळायचं नाही. या वेळी तसंच बसवलंय."

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. घराच्या वळणावर म्हणाले, "पाठ माझ्यावर गेलीय तुझी."

मी गाडी लावली आणि खुर्ची उतरवली.

६ ऑगस्ट, रविवार

दुपारी पाणी काढलं, टॉवेल घेतला. बाबा म्हणाले, "आज राहू दे."

असं कधी झालेलं नाही. ताप असतानासुद्धा नाही.

मी म्हटलं, पाणी काढलंय. ते म्हणाले, "नको म्हटलं ना." माझ्याकडे बघितलं नाही. मी पाणी ओतून दिलं. माझी किळस आली का त्यांना? चारशे लोकांसमोर तसा उभा राहिलेला मुलगा, आणि त्याच हातांनी आपल्याला – असं असेल का? पाठीचं ते वाक्य मी परत परत आठवून पाहिलं. आता त्याचाही अर्थ लागेना.

लाकडं घेऊन आत आलो तर बाबा फोनवर होते. फोनवर त्यांचे शब्द कुणाला कळत नाहीत म्हणून ते फोनला हात लावत नाहीत. मी दिसलो तसा त्यांनी ठेवून दिला. कोण होतं विचारलं तर म्हणाले, "शूऽ. रेडिओ लाव."

उद्या सोमवार. रोवीनाला नाही म्हणून कळवायचं. ते तर आधीच सांगितलंय, पुन्हा सांगायला इतकं जड का जावं?

७ ऑगस्ट, सोमवार

सकाळी दारावर टकटक झाली. लोसा. पिशवीत स्वतःचा टॉवेल, पायात घरातल्या सपाता. म्हणाली, काकांनी बोलावलं, आता रोज यायचं म्हणालेत.

न्हाणीघरात दिवा लागलेला. बाबा खुर्चीवर जाऊन बसलेले, डाव्या हाताने सदऱ्याची बटणं काढत. तीन निघाली होती. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाले, "तू बाहेर थांब."

दार लागलं. मी बोळात उभा. पाणी किती ऊन लागतं ते लोसाला सांगायचं राहिलं म्हणून दाराशी गेलो – तर आत बाबाच तिला सांगत होते.